रोजच्या प्रार्थनेत अमेरिकेला कोणते स्थान द्यावे? ४ जुलैच्या आठवड्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (ओहायोवासी)

सर्वांना जय ख्रिस्त. मी मूळची नगर जिल्ह्यातली असून गेली चौदा वर्षे अमेरिकेत राहते. गेल्या वर्षी मी नागरिकत्वाची शपथ घेतली. आमच्या मंडळीतील पंधरा-वीस जण रोज सकाळी साडेसहाला फोनवर एकत्र येऊन अर्धा तास उपासना करतात. सुरुवातीला सगळे मिळून ध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात, मग पवित्र शास्त्रातला उतारा आणि एखाद्या राष्ट्रपुरुषाची प्रार्थना किंवा वचन वाचले जाते, आणि शेवटी राष्ट्रासाठी प्रार्थना होते. हे लोक मनापासून भक्ती करणारे आहेत. माझ्या आजारपणात त्यांनी सलग दोन महिने घरी जेवण पोहोचवले, आणि ते मी कधी विसरणार नाही.

मात्र एकदा प्रार्थनेत मी अमेरिकेबरोबर भारताचेही नाव घेतले, तेव्हा मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नंतर मला फोन करून प्रेमाने सांगितले की, ही वेळ आपण ‘आपल्या राष्ट्रासाठी’ राखून ठेवलेली आहे. आता २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या घोषणेला २५० वर्षे पूर्ण होत असल्यामुळे ४ जुलैपर्यंतचे सात दिवस उपासना चालवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २ इतिहास ७:१४ (माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील तर मी त्यांचा देश बरा करीन, या अर्थाचे) हे त्या आठवड्याचे वचन म्हणून आधीच ठरलेले आहे. ते वचन अमेरिकेला लागू करणे योग्य आहे का, प्रतिज्ञा उपासनेचा भाग असावी का, आणि देशावर प्रेम करणारी पण देशाची पूजा न करणारी प्रार्थना कशी रचावी, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ (निवृत्त पाळक, पुणे)

ताई, तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही. १ तीमथ्य २:१-२ मध्ये राजे आणि सर्व अधिकारी यांच्यासाठी विनंत्या, प्रार्थना आणि उपकारस्तुती करण्याचा बोध आहे. ज्या जगात तो बोध झाला, तिथला सम्राट ख्रिस्ती नव्हता आणि त्याच्या नावाने धूप जाळला जात असे. इसवी सन १९७ च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने रोमी अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिताना नेमकी हीच रेषा आखली होती. आम्ही सम्राटाच्या दीर्घायुष्यासाठी, सैन्याच्या शौर्यासाठी आणि राज्याच्या शांततेसाठी देवाकडे मागतो, परंतु सम्राटाला देव म्हणणार नाही, असे त्याने स्पष्ट केले. म्हणजे राष्ट्र हा प्रार्थनेचा विषय होऊ शकतो. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे तो मात्र एकच आहे.

आता २ इतिहास ७:१४ विषयी. शलमोनाने मंदिराचे समर्पण केल्यानंतर रात्री देवाने त्याला दिलेल्या उत्तराचा तो भाग आहे, आणि त्यातील ‘माझे लोक’ हे शब्द कराराच्या प्रजेसाठी, म्हणजे इस्राएलासाठी आहेत. त्या जागी आज अमेरिका, भारत किंवा दुसरे कोणतेही राष्ट्र सरळ बसवता येत नाही. बसवायचीच असेल तर सर्व देशांत पसरलेली ख्रिस्ताची मंडळी बसते. तरीसुद्धा वचन बदलण्याची गरज मला वाटत नाही, कारण त्याचे पहिले पाऊल नम्र होणे हे आहे, आणि ‘देश बरा होणे’ हे त्यानंतर येते. त्या वचनाच्या जोडीला यिर्मया २९:७ घ्या. बाबेलात नेलेल्या लोकांना संदेष्टा सांगतो की, ज्या नगरात तुम्ही राहता त्याचे कल्याण चिंता आणि त्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. परक्या भूमीत घर बांधणाऱ्या माणसाला याहून जवळचे वचन मला तरी ठाऊक नाही.

तुम्ही नगरच्या आहात म्हणून एक आठवण देतो. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचे हुकूम काढले होते, आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणूनही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या काळात त्यांना राहू देण्यात आले. हॉल मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी आयुष्य घातले आणि १८२६ मध्ये प्रचारदौऱ्यावर असताना पटकीने वारले. पुढे ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले, त्याची ही सुरुवात होती. अमेरिकेतल्या घराघरांतून अनोळखी मराठी गावांसाठी प्रार्थना झाली नसती, तर कदाचित आज तुमच्या-माझ्या घरी ही प्रार्थनाच नसती. तुमच्या गटाला ही हकिकत जरूर सांगा.

प्रतिसाद २ (नॉरफोकचा बाप)

ओहायोताई, माझा मुलगा अमेरिकेच्या नौदलात आहे, त्यामुळे मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. रोज सकाळी मी आणि पत्नी स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचतो, त्याच्या जहाजावरील सर्वांसाठी मागतो आणि मगच चहा घेतो. आमच्यासाठी देशप्रेम म्हणजे एका मुलाची खाट, त्याची पाळी आणि त्याच्या शेजारी झोपणारा मुलगा. म्हणून प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांना कोणी सरसकट मूर्तिपूजक ठरवू लागले की मला दुःख होते. प्रतिज्ञा ध्वजापुढे म्हणायची असते, प्रार्थना देवापुढे करायची असते, आणि बहुतेक साध्या माणसांना हा फरक नीट कळतो.

नौदलातच मला या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर दिसले. अमेरिकेच्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजाच्या वर दुसरा ध्वज लावता येत नाही, परंतु त्याच कलमात एक अपवाद आहे. समुद्रावर नौदलाचे धर्मगुरू जहाजावरील लोकांसाठी उपासना चालवतात, तेवढ्या वेळेपुरता उपासनेचा निमुळता ध्वज राष्ट्रध्वजाच्या वर फडकवता येतो. ख्रिस्ती उपासनेसाठीच्या पांढऱ्या ध्वजावर निळा क्रूस असतो. राष्ट्राने स्वतःच्या नियमात, स्वतःच्या युद्धनौकेवर, उपासनेच्या वेळी स्वतःहून खाली येण्याची तरतूद केलेली आहे. मुलाने पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा मला रडू आले होते.

त्या सात दिवसांत ‘डॉर्चेस्टर’ जहाजावरील चार धर्मगुरूंची आठवण ठेवावी, अशीही माझी विनंती आहे. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले, तेव्हा मेथडिस्ट जॉर्ज फॉक्स, ज्यू रब्बी अलेक्झांडर गूड, कॅथलिक जॉन वॉशिंग्टन आणि रिफॉर्म्ड मंडळीचे क्लार्क पोलिंग या चौघांनी आपली तरंगजाकिटे दुसऱ्यांना दिली आणि प्रार्थना करीत ते जहाजाबरोबर गेले. आपले जाकीट देताना त्यांनी समोरच्याचा धर्म विचारला नव्हता.

प्रतिसाद ३ (इतिहासाची शिक्षिका, न्यू जर्सी)

पाळकसाहेबांचे वचनविवेचन आणि नॉरफोककरांचा अनुभव दोन्ही मनाला भिडले. मी फक्त इतिहासाच्या बाजूने लिहिते, कारण अशा दैनिक उपासनेत राष्ट्रपुरुषांच्या नावावर बरेच काही वाचले जाते आणि ते सगळे खरे नसते. स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीत बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारा वॉशिंग्टन आपण चित्रांत पाहतो, पण ती कथा त्याच्या मृत्यूनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेसन वीम्स या चरित्रकाराने प्रसिद्ध केली आणि तिला समकालीन पुरावा नाही. देवापुढे उभे राहताना असत्याचा आधार घेऊ नये, असे मला तळमळीने वाटते. विशेषतः खरी कागदपत्रे अधिक मोलाची असताना.

वॉशिंग्टनने ३ ऑक्टोबर १७८९ रोजी उपकारस्तुतीचा दिवस जाहीर केला, त्या घोषणेत आभारांबरोबरच आपल्या राष्ट्रीय आणि इतर अपराधांची क्षमा मागण्याचे आवाहन आहे. नवे राष्ट्र, नवी घटना, पहिलाच अध्यक्ष, आणि तरीही क्षमेचा उल्लेख. लिंकनने ३० एप्रिल १८६३ हा उपवास, नम्रता आणि प्रार्थना यांचा दिवस म्हणून नेमला, तेव्हाची घोषणा तर जवळजवळ पापकबुलीच आहे. भरभराटीच्या धुंदीत आपण देवाला विसरलो, असे तीत म्हटले आहे. आणि ४ मार्च १८६५ रोजी, हत्येच्या सुमारे सहा आठवडे आधी, दुसऱ्यांदा शपथ घेताना त्याने सांगितले की, यादवी युद्धातील दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचे साहाय्य मागतात. दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते आणि कोणाचीही पूर्णपणे मान्य झाली नाही. युद्ध जिंकत आलेला नेता ‘देव आमच्या बाजूने आहे’ असे म्हणण्याऐवजी देवाचे हेतू त्याचे स्वतःचे आहेत असे म्हणतो, यापेक्षा मोठे देशभक्तिपर भाषण मी वाचलेले नाही.

पहिल्या काँग्रेसमधील (अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेतील) प्रार्थनेची गोष्टही पूर्ण सांगितली जावी. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये प्रार्थनेचा प्रस्ताव आला, तेव्हा प्रतिनिधी वेगवेगळ्या पंथांचे असल्यामुळे जॉन जे आणि रटलेज यांनी हरकत घेतली. त्यावर कडव्या प्युरिटन परंपरेतील सॅम्युएल अ‍ॅडम्स उठून म्हणाले की, धर्मशील, सदाचारी आणि देशाचा मित्र असलेल्या कोणत्याही गृहस्थाची प्रार्थना मी ऐकू शकतो. मग अँग्लिकन पाळक जेकब डुशे यांनी ७ सप्टेंबरला ३५वे स्तोत्र वाचले आणि उत्स्फूर्त प्रार्थना केली. बॉस्टनवर तोफा डागल्याची (पुढे खोटी ठरलेली) बातमी नुकतीच आली होती, त्यामुळे सभागृह हेलावून गेले. हेच डुशे १७७७ मध्ये मात्र वॉशिंग्टनला पत्र लिहून स्वातंत्र्याची घोषणा मागे घेण्यास विनवू लागले. मला या माणसाविषयी कणव वाटते. राजाशी एकनिष्ठ राहण्याची धर्मशपथ त्याने आधी घेतलेली होती, आणि ४ जुलै १७७६ लाच त्याच्या चर्चच्या समितीने प्रार्थनापुस्तकातून राजाचे नाव वगळण्याचा ठराव केला होता. ताई, एका देशातून दुसऱ्या देशात निष्ठा नेताना प्रार्थनेतल्या कोणत्या ओळी खोडायच्या, हा प्रश्न अमेरिकेत पहिल्या दिवसापासून आहे.

आठवड्यात एक दिवस गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसला द्या. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे त्याने, तुमचा ४ जुलै गुलामासाठी काय आहे, असे विचारले आणि गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या चर्चनाही जाब विचारला. तरीही स्वातंत्र्याच्या घोषणेतील तत्त्वांना घट्ट धरून राहा, असेच तो म्हणाला. त्याचे शब्द ऐकून गटातील कोणी दुखावले गेले, तर त्या दुखावण्यासह प्रार्थना करावी.

प्रतिसाद ४ (वकील, कोची)

प्रतिज्ञेपुरते लिहितो. ती १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाळकानेच लिहिली, पण तिच्यात देवाचा उल्लेख नव्हता; ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द १४ जून १९५४ रोजी आयझेनहॉवर यांच्या सहीने आले. त्याआधी १४ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातील ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला होता, आणि तोही महायुद्ध ऐन भरात असताना. आमच्या केरळमध्येही राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण न गाणारी तीन मुले शाळेतून काढली गेली, तेव्हा १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा प्रतिज्ञा बंद करण्याचा आग्रह नको. साडेसहाच्या पाच मिनिटे आधी इच्छुकांनी ती म्हणावी आणि उपासना ठीक साडेसहाला देवाच्या नावाने सुरू व्हावी.

पुन्हा प्रश्नकर्ती (ओहायोवासी)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. प्रतिज्ञेची पाच मिनिटांची सूचना मी गटापुढे मांडली आणि ती मान्य झाली. वचन २ इतिहास ७:१४ हेच राहील, परंतु पहिल्या दिवशी त्याचा मूळ संदर्भ वाचेन आणि लगेच यिर्मया वाचेन. वॉशिंग्टनची १७८९ ची आणि लिंकनची १८६३ ची घोषणा एकाच दिवशी घेणार आहे, कारण दोन्हींत क्षमा मागितलेली आहे. डग्लससाठी गुरुवार ठरवला आहे. रोजच्या प्रार्थनेत पदांच्या नावाने मागायचे नाही, तर आमच्या गावातले न्यायाधीश, शाळामंडळाचे सदस्य, तुरुंगातील पहारेकरी आणि तिथले कैदी यांच्यासाठी मागायचे, असे ठरवले आहे.

भारताविषयी बोलण्यासाठी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी काल स्वतः फोन केला आणि मुंबईत उतरलेल्या हॉल यांची हकिकत सांगितली. ते बराच वेळ शांत राहिले. मग त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाविषयी सांगितले, जो व्हिएतनामहून परत आला नाही. तेव्हापासून ही सकाळची वेळ त्यांच्यासाठी त्या भावाची आहे, आणि दुसरे कोणतेही नाव आले की ती वेळ कमी होते असे त्यांना वाटत होते. मला हे माहीत नव्हते. शनिवारी, ४ जुलैला, मी त्यांच्या भावाचे नाव घेऊन प्रार्थना सुरू करणार आहे, आणि भारतासाठी ते स्वतः मागणार आहेत.

त्या दिवशी एक मराठी गीत गावे असा त्यांचाच आग्रह आहे. ‘उपासना संगीता’तले एखादे गीत कोणाला सुचले, तर कृपया कळवावे. फोनवर वाद्ये नसतात आणि बाकीच्यांना मराठी येत नाही, त्यामुळे धृपद छोटे आणि चाल सोपी असावी.