मदत हवी आहे: बॅलेची चित्रांची पुस्तकं, वय वर्षे पाच

नमस्कार मंडळी, बेळगावच्या टिळकवाडीतनं लिहितेय. माझ्या भाचीला बॅलेचं जाम वेड लागलंय, मोबाईलवर नटक्रॅकर हा बॅले बघितल्यापासनं पोरगी घरभर चवड्यांवर चालते. क्लासचा विचार एवढ्यात नाही, आधी पुस्तकांतनं नीट ओळख व्हावी असं मला मनापासनं वाटतंय, म्हणून विचारते.

गोष्ट असलेली पुस्तकं पाहिजेत. कोपेलिया हे बॅले मला सगळ्यात योग्य वाटतं, 1870 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालेलं, बाहुल्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं, पोरांना लगेच कळेल. स्वान लेक या दुसऱ्या बॅलेचा शेवट बऱ्याचदा दुःखाचा असतो, तो एवढ्याशा पोरांना कसा वाचून दाखवता तुम्ही?

दुसरं म्हणजे चित्रं खरी पाहिजेत ओ. पायांच्या पाच पोझिशन स्पष्ट दिसाव्यात आणि लहान पोरींच्या पायात मऊ सपाट बूट असावेत. टोकावर उभं राहायचे ते कडक पॉइंट शूज साधारण अकरा-बारा वर्षांनंतर, ते पण पायात आणि घोट्यात पुरेशी ताकद आल्यावरच देतात, पण चित्रांत बघून ही आत्ताच मागतेय! नाचणारे मुलगे पण असूदेत चित्रांत, तिचा धाकटा भाऊ शेजारीच बसतो की बघत.

मराठीत असं काही आहे काय? कन्नडमधलं पण चालेल, शेजारच्या अक्का वाचून दाखवतील. इंग्लिश असेल तर मजकूर कमी असावा, म्हणजे मी बघत बघत मराठीत सांगीन. खडेबाजारात मिळेल की कोल्हापूर-पुण्यासनं मागवावं लागंल? कुणी पोरांना वाचून दाखवलं असेल तर नाव सांगा की प्लीज.