एरियान महाग का? म्हणे वाटावाटीमुळे!

ब्रेमेनकर: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, 'जेवढी वर्गणी तेवढी कंत्राटं' हा युरोपीय अवकाश संस्थेचा परताव्याचा नियम मोडला की युरोपचं एरियान ६ रॉकेट स्पेसएक्सला टक्कर देईल. डोकंच फिरलं. मोडा नियम, मग इटली, स्पेन, बेल्जियम पुढच्या वेळी किती टाकतात ते बघा! नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे ब्रेमेनला संस्थेच्या सदस्य देशांच्या बैठकीत २२.१ अब्ज युरो जमले, त्यात ५ अब्जांवर एकट्या जर्मनीचे. ते काय विज्ञानप्रेमापोटी? कारखान्यांना काम हवं म्हणून.

इसारकाठचा: ते मीच लिहिलंय. खालचा टप्पा फ्रान्समध्ये ले म्युरोला, वरचा ब्रेमेनला, मग सगळं जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या कुरू तळावर. हे रॉकेट आहे की लग्नातला मानपान? मी म्युनिकजवळ छोट्या कंपनीत आहे. व्हॉल्व्हचं कोटेशन आमचं कमी, चाचण्या पास, तरी काम दुसऱ्या देशात गेलं. का, तर त्यांचा वाटा भरायचा होता. शेवटी २०२३ मध्ये संस्थेची युक्लिड दुर्बीण स्पेसएक्सच्या फाल्कनवरच पाठवली ना?

ब्रेमेनकर: युक्लिड रशियाच्या सोयुझ रॉकेटवर जाणार होती. युक्रेन युद्धात सोयुझ गेलं. परताव्याचा काय संबंध? आणि डिसेंबर २०२२ मध्ये युरोपचं छोटं रॉकेट वेगा-सी पडलं ते नॉझलमधल्या युक्रेनहून घेतलेल्या भागामुळे. तिथे कुणाचा वाटा भरायचा होता?

थेम्सतीर: वाट्याचं आम्हाला विचारा. गॅलिलिओ या युरोपच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या ३४ उपग्रहांचे पेलोड, म्हणजे आतली मुख्य उपकरणं, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या कंपनीने केले. ब्रेक्झिट झालं आणि दार बंद!

ब्रेमेनकर: गॅलिलिओ युरोपीय महासंघाचा, अवकाश संस्थेचा नाही. संस्थेत ब्रिटन अजून आहे. आणि बाहेर पडायला मत कुणी दिलं?

थेम्सतीर: इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होतं, मी 'राहा'वर दिलं. साठच्या दशकातही हेच. तेव्हाच्या युरोपा रॉकेटचा आमचा खालचा टप्पा ब्लू स्ट्रीक नीट चालायचा, वरचे फ्रेंच-जर्मन टप्पे दगा द्यायचे. एक उपग्रह कक्षेत गेला नाही.

इसारकाठचा: 'आमचा'? पासपोर्ट मिळाल्यापासून का?

थेम्सतीर: वैयक्तिक नको. तुम्ही 'आमचं कोटेशन' म्हणालात तेव्हा मी पासपोर्ट विचारला?

ब्रेमेनकर: झालं, धागा लंडनला गेला.

इसारकाठचा: बरं बाबा, वर्गणी आटेल हे मान्य. पण मग नव्या रॉकेट कंपन्यांसाठी संस्थेने काढलेल्या लाँचर चॅलेंज स्पर्धेसारखं करा. २०२५ मध्ये आधी ५ कंपन्या निवडल्या, नंतर त्यांच्या देशांकडे पैसे मागितले.

ब्रेमेनकर: पाचातल्या दोन जर्मन निघाल्या, म्हणून पटलं होय?

थेम्सतीर: एक ब्रिटिशही होती, बरं का!