मदत हवी आहे: हातातून सोडलं की रिमोटचं विमान नाक वर काढतं आणि डावीकडं पडतं

मंडळी, नमस्कार. मी बेळगावचा. लेकीसोबत फोम शीटचं विमान बनवलंय. पंख १ मीटर, ब्रशलेस मोटर, ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी. सांबऱ्याचा विमानतळ जवळ, त्यामुळं गावाकडं उडवत नाही. खानापूरकडं भात कापून मोकळ्या झालेल्या शिवारात नेतो.

रविवारी तीनदा सोडलं. पूर्ण थ्रॉटल, वाऱ्याच्या तोंडावर, पंख-शेपटीची हलणारी पाती सरळ दिसतात. तरी दोन-चार वाव गेलं की नाक वर, वेग संपतो, डावा पंख खाली. तिसऱ्या वेळी प्रॉपेलर मोडला, नाकात तांबडी माती घट्ट बसली. पोरगी काही बोलली नाही, नुसती माती टोकरत बसली. फार वाईट वाटलं.

घरी तोल बघितला. पंखाची रुंदी २० सेंमी, तोल पुढच्या कडेपासून साडेसात सेंमीवर. रुंदीच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे ५ ते ६ सेंमी हवा ना? बॅटरी पुढं सरकवायला जागा नाही. नाकात शिसं घालू की बॅटरीचा कप्पाच कापून पुढं नेऊ? डावीकडं पडणं मोटरच्या उलट्या पिळामुळं (प्रॉपेलर एकीकडं फिरतो, विमान उलटीकडं पिळतं) असेल, तर मोटर उजवीकडं किती अंश वळवू? दोन पुरेत का?

बेळगाव-निपाणी भागात कोणी उडवत असेल तर एकदा सोबत याल का?