थर्मासमधील दुधाची कॉफी

प्रश्न: सकाळी स्टीलच्या थर्मासमध्ये भरलेली दुधाची कॉफी दुपारपर्यंत कोमट होते आणि तिला आंबूस वास येतो. काय करावे?

उत्तर १: भरण्यापूर्वी थर्मासमध्ये उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून टाकावे, कारण थंड स्टील कॉफीचीच उष्णता शोषते. बाहेरची भिंत गरम लागत असेल, तर दोन भिंतींमधील निर्वात पोकळी निकामी झाली असे समजावे. मग नवा थर्मास घेणेच बरे.

उत्तर २: माझ्या मते खरा प्रश्न दुधाचा आहे. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यावर दुधात जिवाणू वाढू लागतात, आणि दूध आंबताना वायू साठल्यास झाकण उघडताना ते उडूही शकते. म्हणून कोरी कॉफी न्यावी आणि दूध ऐनवेळी घालावे.

प्रश्नकर्ता: थर्मास रोज धुतो, तरीही वास राहतो.

उत्तर ३: झाकणातील रबरी कडी काढून खाण्याच्या सोड्याने धुता का? वास बहुधा तिथेच असतो.