‘फुकटचा युरो’ म्हणणाऱ्यांनी आधी २००४ आठवावं

रात्रपाळी

कालपासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं की २०१६चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा कप, पोर्तुगालला फुकट मिळाला. साखळीत तिन्ही सामने बरोबरीत, नव्वद मिनिटांत जिंकलेला सामना अख्ख्या स्पर्धेत एकच, फ्रान्सविरुद्धच्या फायनलला रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला बाहेर, तेव्हा हा कप मोजायचा नाही. खाली वा वा करणाऱ्यांची रांग.

आकडे बरोबर आहेत. आइसलँडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-० (रोनाल्डोची पेनल्टी पोस्टला), हंगेरीशी ३-३. पण ‘मोजायचा नाही’ वाचून डोकं फिरलं, म्हणून इतकं लिहितोय.

२०१६ला पहिल्यांदा पोर्तुगाल पाहिला त्यांना ते रटाळच वाटणार. आम्ही २०००चा पोर्तुगाल पाहिलाय. फिगो, रुई कोस्टा, जोआव पिंटो. इंग्लंडविरुद्ध ०-२ वरून ३-२. जर्मनीला ३-०. मग सेमीफायनलला आबेल शावियेरच्या हाताला चेंडू, झिदानची पेनल्टी, गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल मारेल तो जिंकला), संपलं. २००६ला परत सेमी, परत फ्रान्स, परत झिदानची पेनल्टी. १९८४ला मार्सेलमध्ये प्लातिनीनं ११९व्या मिनिटाला मारलं होतं. आणि २००४? घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि ग्रीसनं सलामीलाही हरवलं, फायनललाही हरवलं. डोळ्यांचं पारणं फेडायचं आणि सेमीफायनलच्या आसपास रडत घरी जायचं, हेच चाललं होतं.

आता फर्नांदो सांतोसकडे बघा. हा माणूस पोर्तुगालला येण्याआधी चार वर्षं कुणाचा कोच होता? ग्रीसचा! ज्यांनी लिस्बनमध्ये येऊन कप नेला त्यांच्याकडून शिकून आलेला माणूस. २०१४ला घरच्या मैदानावर अल्बानियाकडून हरल्यावर पाउलो बेंतोला काढलं आणि याला आणलं. त्यानंतर पात्रता फेरीचे सातच्या सात सामने जिंकले, सातही एकेका गोलनं. याला तुम्ही नशीब म्हणता? तो ठरवून तसाच खेळवत होता. स्पर्धा चालू असताना त्यानं सांगून टाकलं होतं की मी ११ जुलैलाच घरी जाणार. फायनल १० तारखेला होती.

कॅल्क्युलेटर

छान निबंध. आता गणित.

२०१६ला पहिल्यांदा २४ संघ घेतले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चौघांना पुढे पाठवलं. आधीची १६ संघांची पद्धत असती तर सांतोस ११ जुलैला नाही, २३ जूनला घरी गेला असता.

आणखी ऐका. शेवटच्या साखळी सामन्यांत पोर्तुगाल दुसऱ्या क्रमांकावर होता. आइसलँडनं ऑस्ट्रियाविरुद्ध ९४व्या मिनिटाला गोल केला आणि हे तिसरे झाले. दुसरे राहिले असते तर पुढे इंग्लंड, आणि त्या बाजूला जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन सगळे. तिसरे झाल्यामुळे क्रोएशिया, पोलंड, वेल्स. आइसलँडच्या त्या गोलचंही नियोजन सांतोसनंच केलं होतं काय?

पेठेतला बॅक

कॅल्क्युलेटरराव, १९८२चा इटली माहितीये का? पोलंड ०-०, पेरू १-१, कॅमेरून १-१. तिन्ही बरोबरी. कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त म्हणून पुढे गेले आणि वर्ल्ड कप घेऊन आले. त्याला कोण फुकटचा म्हणतं? १९९२चा डेन्मार्क तर पात्रसुद्धा नव्हता, युगोस्लाव्हियाला काढलं म्हणून बोलावलं. तो म्हणे परीकथा. पोर्तुगालनं केलं की लॉटरी.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर येऊन बघा एकदा. फायनलला ०-० चालू असताना कुणी म्हणून दाखवा की खेळ रटाळ आहे. तालमीची पोरं स्टँडवरून खाली सोडतील. मी स्वतः बॅक, म्हणजे बचावाला, खेळलोय. स्ट्रायकरला नव्वद मिनिटं खिशात ठेवलं तरी पेपरात नाव गोल मारणाऱ्याचंच. फायनलचा खरा हिरो बचावातला पेपे होता, पण पोस्टर कुणाचं लागलं? साइडलाइनवर उभं राहून हातवारे करणाऱ्याचं.

कॅल्क्युलेटर

इटलीनं पुढे अर्जेंटिना, ब्राझील, पोलंड, पश्चिम जर्मनी यांना हरवलं. चौघांनाही नव्वद मिनिटांत. तुमच्या पोर्तुगालनं फक्त वेल्सला. पुढे बोला.

सांजवारा

पेपेबद्दल सहमत, पण ‘हातवारे करणारा’ म्हणजे कोण? त्या माणसानं हंगेरीविरुद्ध दोन गोल मारले नसते तर साखळीतच आटोपलं असतं. वेल्सविरुद्धही पहिला गोल त्याचाच. फायनलला गुडघा धरून रडत गेला ते नाटक वाटलं का तुम्हाला? फ्रान्सच्या पाएतनं मारलं होतं.

रात्रपाळी

सांजवाराताई, रोनाल्डोला कुणी काही म्हणत नाहीये. पण तो गेल्यावर बाकीचे दहा जण मोकळे झाले, हेही बघा. २०२२ला स्वित्झर्लंडविरुद्ध त्याला बेंचवर बसवलं आणि ६-१ झालं. गोंसालो रामोसची हॅटट्रिक.

सांजवारा

आणि त्याच्या पुढच्या सामन्यात परत बेंचवर बसवलं आणि मोरोक्कोकडून ०-१. हे कोण सांगणार? २०२५ला म्युनिकमध्ये नेशन्स लीगच्या फायनलला स्पेनविरुद्ध बरोबरीचा गोल कुणी मारला? वय वर्षं चाळीस. त्याच्यामुळे तुम्हाला हा देश नकाशावर सापडला आणि आता त्यालाच अडगळ म्हणायचं.

कॅल्क्युलेटर

२०२४च्या युरोत त्याचे गोल: शून्य. स्लोव्हेनियाविरुद्ध ओब्लाकनं पेनल्टी अडवली तेव्हा सामना चालू असतानाच रडला. वर्ल्ड कपच्या नॉकआउटमध्ये २०२२पर्यंतचे गोल: तेही शून्य. चालू द्या.

म्हापशेकर

तुम्हा घाटावरच्या लोकांना हे सगळं टीव्हीवरचं. आम्हाला विचारा. २०२१च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्याच महिन्यात, कळंगुटला याच रोनाल्डोचा पुतळा बसवला. चारशे किलोचा. का, तर पोरांना प्रेरणा मिळावी. लोक काळे झेंडे घेऊन आले ते उगाच? भारताचा कप्तान झालेला गोली ब्रह्मानंद शंखवाळकर आमचा. ब्रुनो कुतिन्हो आमचा. दोघेही अर्जुन पुरस्कारवाले. त्यांचा पुतळा नाही, आणि पोर्तुगीजांचा कशाला?

शिवोलीचो पाव

आला बाबा हा परत. म्हापशेकर, पुतळा फुटबॉलरचा आहे, पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याचा नाही. पोरं येतात, सेल्फी काढतात, जातात. इतकं काय ते.

म्हापशेकर

सेल्फीचं मला सांगू नकोस. माझे आजोबा मुक्तिलढ्यात आग्वादच्या तुरुंगात होते. आणि आज त्यांचाच पणतू पोर्तुगालची लाल जर्सी घालून फिरतो, पाठीवर रोनाल्डोचा सात. घरात बोललो तर म्हणतो, आबा, हा खेळ आहे. आणि एक सांगतो, फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला हाही गैरसमज. १८८३ला तुझ्याच शिवोलीत फादर लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्र्यानं पोरांना खेळायला लावलं. गावचं नाव लावतोस तर हे तरी माहीत ठेव.

शिवोलीचो पाव

माहीत आहे, शाळेपासून ऐकतोय. मग काय, आता इंग्लंडला सपोर्ट करू? त्यांनी दीडशे वर्षं फुलं वाहिली वाटतं आपल्याला. तुमच्या त्या पुण्यामुंबईत निम्मी जनता मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या जर्सीत फिरते, त्यांना कुणी राणीचे गुलाम म्हणत नाही. गोंयकारानं पोर्तुगाल म्हटलं की लगेच देशभक्तीची परीक्षा.

म्हापशेकर

जर्सी वेगळी, पासपोर्ट वेगळा. तुमच्यातले अर्धे त्यासाठीच ‘वीवा पुर्तुगाल’ ओरडतात. ६१च्या आधी आजा गोव्यात जन्मला, की लिस्बनला नोंद करा, पासपोर्ट घ्या, भारताचा परत द्या आणि चला इंग्लंडात स्विंडनला गोदामात खोकी उचलायला. पोर्तुगाल बघितलेलाही नसतो.

शिवोलीचो पाव

खोकी उचलायला, हो. माझा भाऊ उचलतो. इथे खाण बंद झाली, ट्रकाचा हप्ता राहिला, तेव्हा तुम्ही देणार होता का? एजंटानं पैसे घेतले, आज्याच्या नावात एक अक्षर चुकवलं, सगळे कागद परत पहिल्यापासून. आईनं सोनं मोडलं. त्या घरात बसून तुमचा आग्वाद ऐकवा. आणि तो पोर्तुगालची मॅच बघतो तेव्हा पासपोर्टासाठी नाही बघत. आमचा बाप एउसेबियोच्या गोष्टी सांगायचा म्हणून बघतो.

पेठेतला बॅक

अहो मंडळी, धागा युरोचा आहे! निवडणुकीची सभा नव्हे.

म्हापशेकर

एउसेबियो! तोही मोझांबिकचा. वसाहतीतनं आणलेला. १९६६ला नऊ गोल मारून पोर्तुगालला तिसरं आणलं, उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ असताना एकट्यानं चार मारले. कप्तान कोलुना, तोही मोझांबिकचा. श्रेय कुणाला? साळाझारच्या राजवटीला. हेच तर म्हणतोय मी.

सेनकाठ

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. २०१६ला मी पॅरिसच्या उपनगरात राहायचो. आमच्या इमारतीची केअरटेकर पोर्तुगीज होती. जिने पुसायची, टपाल वाटायची. तिचा नवरा बांधकामावर. फ्रान्समध्ये पोर्तुगीज म्हणजे गवंडी किंवा केअरटेकर, विनोदसुद्धा त्यावरच. फायनल फ्रान्स-पोर्तुगाल अशी ठरल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचे साहेब तिला रोज विचारायचे, रविवारी किती गोल खाणार? ती हसून टाकायची. ९२व्या मिनिटाला जिन्याकचा फटका पोस्टला लागला तेव्हा सगळी इमारत ओरडली. मग १०९व्या मिनिटाला एडेर. खालच्या खोलीतून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. सोमवारी सकाळी तिनं जिने पुसले, पण लाल-हिरवा स्कार्फ घालून. साहेब लिफ्टनं गेले.

तो गोल मारणारा एडेर गिनी-बिसाऊत जन्मलेला, पोर्तुगालमध्ये अनाथाश्रमात वाढलेला. ७९व्या मिनिटाला आत आला तेव्हा घरचेच लोक म्हणत होते की याला कशाला आणलं. म्हापशेकर, वसाहतीचा हिशोब तुम्ही मांडा, तो बरोबरच आहे. पण त्या रात्रीचा कप लिस्बनच्या सरकारला नाही मिळाला. त्या बाईला मिळाला.

कॅल्क्युलेटर

डोळे पाणावले. तरीही क्रोएशियाविरुद्ध ११७व्या मिनिटापर्यंत एकही फटका गोलवर नव्हता.

म्हापशेकर

सेनकाठ, लिहिलंत चांगलं. बाईला कप द्या, माझी ना नाही. पुतळा मात्र ब्रह्मानंदचाच हवा.

शिवोलीचो पाव

तो पाहिजेच, त्यावर माझं भांडण कधी होतं? वर्गणी काढा, पहिले पाचशे माझे. आणि एक विसरलात: त्या दिवशी पोर्तुगालचा पंतप्रधान होता अंतोनियो कोस्टा. बापाचं घराणं मडगावचं. त्याला तरी गोंयकार म्हणणार की नाही?

म्हापशेकर

त्याचं नाव काढू नकोस, भारतीय वंशाच्या परदेशी लोकांचं ते ओसीआय कार्ड घेतलं म्हणून तो आमचा होत नाही.

रात्रपाळी

पासपोर्ट, ओसीआय आणि पुतळे यांच्यासाठी कृपया वेगळा धागा काढा. कॅल्क्युलेटरसाहेब, चला, मानलं, आइसलँडचा तो गोल नशिबाचा. १९८४पासून ज्यांनी नुसतं नशीब खाल्लं त्यांना एक गोल उसना मिळाला. आता तुमच्या त्या यादीत हेही लिहा: क्रोएशियाचा तोच सामना, मॉड्रिच आणि राकिटिच दोघे मैदानात, आणि त्यांनी तरी १२० मिनिटांत किती मारले?

कॅल्क्युलेटर

शून्य. दोघेही वाईट खेळले, म्हणून एकाला बक्षीस द्यायचं होय?

पेठेतला बॅक

बॅकला द्या.