मदत हवी आहे: ऑक्टोपसची जाणीव आपल्यापेक्षा वेगळी उगवली का?

अकरावीच्या वर्गाला जाणिवेची उत्क्रांती शिकवायची आहे, ऑक्टोपसपाशी अडकले आहे. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश भुजांमध्येच! आपला आणि त्याचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना. कॉर्टेक्सवरचं (आपल्या मेंदूच्या बाहेरच्या थरावरचं) बरंच वाचलं, पण ऑक्टोपसला कॉर्टेक्सच नाही. तरी प्राण्यांच्या जाणिवेबद्दल शास्त्रज्ञांनी काढलेल्या २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात त्याचा समावेश आहे. वेदनेचा प्रयोगही पाहिला: टाकीच्या ज्या कप्प्यात आम्ल टोचलं तो कप्पा तो टाळतो, बधिर करणारं औषध मिळालं त्या कप्प्यात जातो. मला हे फार बोलकं वाटतं.

अध्यात्म नको, मेंदूविज्ञानच हवं. तास ४० मिनिटांचा आहे. जाणीव दोनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली की त्या पूर्वजातच तिचं बीज होतं, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवायचं?