स्वमग्न मुलाला बाहेर नेण्याबाबत: मॉल, बाग, मेट्रो आणि लोकांच्या नजरा

कोथरूडची आई (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो मोजकेच शब्द बोलतो. मात्र त्याला कळते पुष्कळ, आणि जे हवे असेल तिथे तो आमचे बोट धरून आम्हाला घेऊन जातो. घरी आणि थेरपीच्या वर्गात त्याचे चांगले चालले आहे; पण गेले काही महिने त्याला घेऊन बाहेर जाणे आम्ही जवळजवळ थांबवले आहे. त्याला निमित्त झाले ते एका मॉलमधल्या प्रसंगाचे. तो लिफ्टसमोर उभा राहून दरवाजे उघडताना आणि मिटताना पाहत होता. आम्हाला निघायचे होते म्हणून मी त्याला तिथून हलवू लागले, तर त्याने जमिनीवर अंग टाकले आणि कानांवर हात दाबून तो ओरडू लागला. सुरक्षारक्षकाने "मुलाला आवरा, नाहीतर बाहेर न्या" असे सुनावले, आणि दोन फटके दिले की सरळ येईल असे एका बाईंनी सांगितले. आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही, हे एक बरे आहे.

"जरा मोठा होऊ दे, शहाणा होऊ दे, मग न्या," असे माझ्या सासूबाई म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नाही, पण घरात बसून तो बाहेरचे जग कसे शिकणार, हे मला समजत नाही. पुन्हा सुरुवात कुठून करावी? मॉलमध्ये गेले की त्याला फक्त लिफ्ट हवी असते, त्याचे काय करावे? आणि मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ही, की तो हात सोडवून धावत सुटतो आणि रस्ता, गाड्या काहीही पाहत नाही.

ठाणेकर

ताई, माझी लेक आता चौदा वर्षांची आहे, त्यामुळे या वाटेवरून आम्ही बरेच चाललो आहोत. बाहेर जायची तयारी सगळेच करतात. आम्ही आधी परत निघण्याची तयारी करतो. कोणत्या दाराने बाहेर पडायचे, गाडी किंवा रिक्षा कुठे मिळेल, तिला घेऊन कोण निघेल आणि मागे थांबून बिल कोण देईल, हे घरीच ठरलेले असते. हॉटेलात आम्ही दाराजवळचे टेबल घेतो, पदार्थ येताक्षणी पैसे देऊन टाकतो आणि उरलेले बांधून घेण्यासाठी डबा जवळ ठेवतो. बागेत जायचे ते सकाळी लवकर, झोपाळ्यांवर गर्दी होण्याआधी. सुट्टीचा वारही आधी पाहून ठेवावा: भायखळ्याची राणीची बाग आणि तुमच्याकडचे कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी. वाघ पाहायला निघालेल्या मुलाला बंद फाटकासमोर "उद्या येऊ" हे पटवून देणे किती कठीण असते, ते इथल्या पालकांना सांगायला नको.

आता पळण्याविषयी. रस्त्यावर बोटे न धरता मनगट धरावे आणि मुलाला नेहमी भिंतीच्या बाजूला ठेवावे. कपडे भडक रंगाचे असावेत आणि घरातून निघताना त्याच कपड्यांतला एक फोटो काढून ठेवावा, कारण घाबरलेल्या आईवडिलांना मुलाने काय घातले आहे हे हमखास आठवत नाही. त्याचे नाव, "मी स्वमग्न आहे, मला बोलता येत नाही" एवढे वाक्य आणि दोन फोन क्रमांक असलेले कार्ड खिशात किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला असू द्यावे. मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याकडे धावावे, म्हणजे तळे, कारंजे, पोहण्याचा तलाव, उघडी टाकी. आपल्या पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने 112 (आपत्कालीन मदत) किंवा 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) या क्रमांकावर कळवावे.

लोकांसाठी माझ्याकडे एकच वाक्य आहे: "ती स्वमग्न आहे, तिला आवाजाचा त्रास होतो, कृपया थोडी जागा द्या." ऐकले तर ठीक, नाही ऐकले तर मी पाठ फिरवतो. वाद घालण्याची हौस मलाही आहे, पण तेवढ्या वेळात लेकीकडे पाहायचे राहून जाते.

व्यवसायोपचार तज्ज्ञ, पुणे

ठाणेकरांच्या सूचना उत्तम आहेत, त्यात थोडी भर घालते.

मॉलमध्ये जे घडले तो हट्ट होता की मेल्टडाउन, हे वेगळे करणे आवश्यक आहे. हट्ट करणारे मूल अधूनमधून आपल्याकडे पाहून अंदाज घेते आणि हवे ते मिळाले की थांबते. मेल्टडाउनमध्ये आवाज, उजेड, गर्दी यांचा भार मुलाच्या सहनशक्तीपलीकडे गेलेला असतो, आणि त्या क्षणी लिफ्ट परत दाखवली तरी ते शांत होईलच असे नाही. आपण लिहिले आहे की त्याने कानांवर हात दाबले होते. त्यावरून मला वाटते की निघण्याचे सांगणे हे केवळ निमित्त ठरले असावे आणि भार आधीच साचत आला असावा. स्वच्छतागृहातले हात वाळवण्याचे यंत्र, ज्यूसच्या दुकानातला मिक्सर, ध्वनिवर्धकावरची उद्घोषणा, यांपैकी काय काय त्याने त्याआधी सोसले होते, ते आठवून पाहावे. अशा वेळी समजावणे, प्रश्न विचारणे, मोठ्याने नाव घेणे हे सर्व थांबवावे, कारण आपला आवाजही त्या भारात भरच घालतो. त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये आपण उभे राहावे आणि शक्य होताच त्याला कमी आवाजाच्या जागी न्यावे. आवाज कमी करणारे हेडफोन उपयोगी पडतात, पण ते प्रथम घरी, त्याच्या आवडीच्या कामाच्या वेळी घालून पाहावेत. ऐन गर्दीत पहिल्यांदा घातलेली वस्तू तो भिरकावून देईल.

जाण्याआधी चित्रांची पट्टी करावी: रिक्षा, बाग, झोपाळा, पाणी, घर. एकेक टप्पा झाला की ते चित्र त्याने स्वतः काढून पिशवीत टाकावे. चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे ॲप मराठीतही आहे. "घरी जायचे", "आवाज नको" ही वाक्ये त्यात हाताशी ठेवावीत.

ठाणेकर रिकाम्या वेळा निवडायला सांगतात, ते सुरुवातीसाठी योग्यच आहे. तथापि, माझ्या मते पुढे हळूहळू थोड्या गर्दीच्या वेळाही घ्याव्यात, म्हणजे सवय होते.

स्वमग्न, वय 31

शेवटच्या वाक्यावर माझे मत वेगळे आहे, आणि ते मी स्वतः स्वमग्न असल्यामुळे मांडतो. लहानपणी मलाही "सवय होईल" म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये आणि गणपतीच्या मिरवणुकीत नेले जाई. ढोल-ताशाचा आवाज मला आजही तितकाच बोचतो. मी फक्त चेहऱ्यावर काही दिसू न देण्यास शिकलो, आणि घरी आल्यावर पुढचा अख्खा दिवस अंधाऱ्या खोलीत काढू लागलो. बाहेरून पाहणाऱ्यांनी त्यालाच प्रगती म्हटले. गर्दीची वेळ जरूर घ्यावी, पण मुलाने थांब म्हटले, शब्दांनी असो वा कानांवर हात ठेवून, की तिथेच थांबावे. आपला इशारा ऐकला जातो हे कळले, तरच मूल पुढच्या वेळी विश्वासाने सोबत येते.

दुसरे असे, ताई, की त्याला लिफ्ट आवडते तर लिफ्ट पाहायलाच न्यावे. खरेदी करायची, खायचे, फिरायचे आणि त्यातून वेळ उरला तर लिफ्ट, हा मोठ्यांचा क्रम झाला. दरवाजे दर वेळी त्याच गतीने उघडतात, आकडे क्रमाने पेटतात, पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. सगळा गोंगाट चालू असताना तेवढी एक जागा भरवशाची असते. तो हात हलवत असेल, जागच्या जागी उड्या मारत असेल, तर मारू द्याव्यात. कोणी पाहिले तर पाहू दे.

व्यवसायोपचार तज्ज्ञ, पुणे

आपले म्हणणे मला मान्य आहे. "सवय" हा शब्द मी फार मोघम वापरला. थांबण्याचा अधिकार मुलाकडे असेल, तरच माझी सूचना लागू पडते.

लिफ्टच्या मुद्द्यावरून कोथरूडच्या ताईंसाठी एक सुचले. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा प्रवास लहान आहे. मध्ये आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप एवढीच स्थानके आहेत, त्यामुळे चित्रांची पट्टी सोपी होते. शिवाय स्थानकावर जायला-यायला लिफ्ट आहेच. सकाळची कार्यालयांची गर्दी ओसरल्यावर जावे. दरवाजे मिटताना होणारा आवाज आधी मोबाइलवर ऐकवून ठेवावा, आणि फलाटावर दोन मोठी माणसे असावीत.

सोलापूरकर

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढले नसेल तर काढून घ्यावे. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा याच कायद्याच्या कलम 92 नुसार गुन्हा आहे. विमानाबाबतही जाणून असावे: मे 2022 मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला 5 लाख रुपये दंड केला. त्यानंतर नियम बदलला, आणि आता केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. मॉलच्या रक्षकाला कलम ऐकवून फारसे साधणार नाही. व्यवस्थापकांना लेखी तक्रार मात्र जरूर द्यावी.

कोथरूडची आई

सर्वांचे मनापासून आभार. तक्रार आजच लिहिते. मेट्रोची कल्पना मी सासूबाईंना सांगितली, तर आश्चर्य म्हणजे त्या स्वतः सोबत यायला तयार झाल्या. लिफ्टमध्ये त्यांचे गुडघे वाचतील, असे त्यांनी कारण दिले. एकच शंका उरते. लिफ्ट पाहायलाच गेलो, तर ती सोडून घरी निघताना पुन्हा मॉलसारखेच होणार नाही का?

व्यवसायोपचार तज्ज्ञ, पुणे

होऊ शकते, म्हणून शेवट त्याच्या हातात द्यावा. किती वेळा वर-खाली करायचे ते घरीच ठरवून लिफ्टची तितकी चित्रे पट्टीवर लावावीत. प्रत्येक फेरीनंतर एक चित्र त्याने पिशवीत टाकावे. शेवटची फेरी खाली येणारी असावी, म्हणजे दरवाजा उघडेल तो रस्त्याच्या बाजूला, आणि त्याला लिफ्टपासून ओढून न्यावे लागणार नाही. आजींना त्या वेळी बाहेर रिक्षा थांबवून उभे राहायला सांगावे.